'एकुलता एक मुलगा': आई शेवटी खोटं का बोलते?

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा १९३६ चा 'हितोरी मुसुको', म्हणजेच 'एकुलता एक मुलगा', तुम्ही नुकताच पाहिलात आणि तीन गोष्टी विचारल्यात. आईने जन्मभर रेशमाच्या गिरणीत राबून मुलाला शिकवलं, तो टोकियोत रात्रशाळेचा मास्तर होऊन राहिला, हे डोळ्यांनी पाहून आल्यावरही ती मैत्रिणीला 'मुलगा मोठा झाला' असं का सांगते? दिग्दर्शक आईच्या बाजूचा की मुलाच्या? आणि तुमच्या वाचनालयाच्या गटात बहुतेक मंडळी साठीच्या पुढची आहेत, त्यांना हा सिनेमा दाखवावा का? कारण तुम्हाला स्वतःलाच मधे मधे 'काहीच घडत नाही' असं वाटलं.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. आईच्या त्यागाचे सिनेमे बघतच आपण मोठे झालो. त्यांत शेवटी निकाल लागतो. मुलगा कृतघ्न निघतो आणि पस्तावतो, नाहीतर कर्तबगार निघतो आणि आईच्या कष्टांचं सार्थक होतं. इथला मुलगा, र्‍योसुके, यातला कुठलाच नाही. तो सरळ आहे, आईवर त्याचा जीव आहे, बायको गुणाची आहे, पोर गोंडस आहे. तरीही आईच्या पदरात जे पडायला हवं होतं ते पडलेलं नाही. मग आपण दोषी कोण ते शोधायला लागतो, सापडत नाही, आणि सिनेमा संथ वाटू लागतो.

मी बरीच वर्षं एका फिल्म सोसायटीसाठी सिनेमे निवडतो आणि रसास्वादाचे वर्ग घेतो. हा सिनेमा लावताना प्रेक्षकांना मी दोनच गोष्टी सांगतो. प्रत्येक प्रसंगात पैसे कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेले ते बघा, आणि कोण कुणापासून काय लपवतंय ते बघा. बाकी कॅमेरा जमिनीलगत का आहे वगैरे चर्चा नंतर. एवढं धरून बसलं की 'काहीच घडत नाही' ही तक्रार माझ्या अनुभवात तरी पुष्कळ कमी होते. या सिनेमात जे घडतं ते सगळं या दोन वाटांनीच घडतं.

सुरुवातच बघा. १९२३ साल, शिनशू, म्हणजे आजच्या नागानो प्रांताचा डोंगराळ भाग. ओत्सुने ही विधवा रेशमाच्या गिरणीत काम करते. मुलगा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात. एक दिवस ओकुबो मास्तर घरी येतात आणि म्हणतात, र्‍योसुके पुढच्या शाळेत जाणार हे ऐकून फार बरं वाटलं. आईला यातलं काही माहीतच नाही. वर्गात बाकीच्या मुलांबरोबर यानेही हात वर करून सांगून टाकलंय. मास्तरांसमोर ती काही बोलत नाही, पण ते गेल्यावर मुलाला बोलावते आणि थोबाडीत देते. त्या थोबाडीत राग आहे, पण त्याहून जास्त लाज आहे. आपल्याला परवडत नाही हे मास्तरांना सांगता आलं नाही याची लाज. मग थोड्या वेळाने तीच मुलाजवळ येऊन सांगते की तू शिक, खूप शिक, माझी काळजी करू नकोस.

म्हणजे या सगळ्या खटाटोपाची सुरुवात एका पोराच्या खोट्या बोलण्यातून झाली आणि शेवट आईच्या खोट्या बोलण्यात झाला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. मुलाने बारा-तेरा वर्षांपूर्वी जी थाप मारली, ती खरी करून दाखवायला आईने आयुष्य घातलं. ती खरी झाली नाही. आता मैत्रिणीसमोर ती थाप चालू ठेवायचं काम तिच्याकडे आलं आहे. मात्र आज तिला थोबाडीत मारणारं कुणी नाही.

मधल्या भागात हीच साखळी आहे. मुलाने लग्न केलंय, त्याला मूल आहे, हे आईला टोकियोला पोचेपर्यंत ठाऊक नाही. तिच्या येण्याचा खर्च भागवायला तो सहकाऱ्यांकडून उसने पैसे घेतो आणि तिला कळू देत नाही. सुनेने आपला किमोनो विकून सासूला फिरवून आणायला पैसे उभे केलेत, तेही सासूला सांगून केलेलं नाही. आणि आईने? तिने घर विकलं, तुतीचं शेत विकलं, आता ती गिरणीच्या चाळीवजा खोल्यांत राहते, हे मुलाला ती इतकी वर्षं सांगत नाही. एकमेकांची इतकी काळजी असलेलं आणि एकमेकांपासून इतकं लपवणारं कुटुंब. यांतली एकही लपवाछपवी दुष्टपणाची नाही. प्रत्येक लपवलेल्या गोष्टीच्या मागे एक रक्कम आहे.

आता पैशांची दिशा. आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या, प्रेक्षकाला इथे पटकन काहीतरी खटकतं आणि ते खटकणं फार उपयोगी आहे. आपल्या डोक्यातलं चित्र काय? मुलगा मुंबईला, आई गावाला, आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर शहरातून गावाकडे. ओझूच्या सिनेमात पैसा उलटा वाहतो. गिरणीतली आई गावाकडून शहराकडे पैसे पाठवत राहते, आणि म्हातारपणी भेटायला गेली तरी परत निघताना नातवासाठी चिठ्ठी आणि पैसे ठेवून जाते. ज्या हातांनी कोश उकळत्या पाण्यातून काढून धागा ओढला, त्यांनीच अजून द्यायचं. मुलगा तिला देऊ शकतो ते उसनं आणि तेही दोन-चार दिवसांपुरतं.

तो खर्च कशावर होतो तेही बघण्यासारखं आहे. टोकियो दाखवणं, खाणंपिणं, आणि एक सिनेमा. मुलगा आईला एक जर्मन बोलपट दाखवायला नेतो. शुबर्ट या संगीतकाराच्या आयुष्यावरचा, १९३३ चा; त्यात मार्टा एगेर्थ ही नटी गाते. मुलगा अभिमानाने सांगतो, 'आई, याला बोलपट म्हणतात.' आई बघते, मग तिच्या मानेला डुलकी येते. प्रेक्षक इथे हसतात आणि हसायलाच हवं. पण ओझू इथे स्वतःवरही हसतोय, कारण 'एकुलता एक मुलगा' हा त्याचा पहिलाच बोलपट. जपानमध्ये १९३१ पासून बोलपट चालू झाले होते, ओझू मात्र मूकपटच करत राहिला होता. त्याचा जुना कॅमेरामन हिदेओ मोहारा स्वतःची ध्वनिमुद्रणाची यंत्रणा तयार करत होता आणि बोलपट करीन तर तुझ्या यंत्रावर, असा ओझूने त्याला शब्द दिला होता. ओझूची चित्रपट कंपनी शोचिकू तोपर्यंत ओफुनाच्या नव्या स्टुडिओत गेली होती, म्हणून चित्रीकरण झालं ते कामाताच्या जुन्या, रिकाम्या स्टुडिओत. तिथे बाहेरच्या रेल्वेचा आवाज आत यायचा, त्यामुळे रात्री उशिरा काम चालायचं. हे मी अशासाठी सांगितलं की सिनेमाचा आवाज तुम्हाला खरखरीत वाटला असेल तर तो तुमच्या स्पीकरचा दोष नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बाजू कुणाची. इथे उत्तर थोडंफार बघणाऱ्यावर अवलंबून आहे हे आधीच मान्य करतो. वर्गात विशी-पंचविशीची मुलं असली की ती र्‍योसुकेच्या बाजूने भांडतात: त्याने कुठे मागितलं होतं? पन्नाशीच्या पुढचे आईच्या बाजूने. आणि ज्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी जमीन किंवा दागिने मोडलेत ते चर्चेत बोलतच नाहीत, दिवे लागल्यावर एकटेच येऊन काहीतरी विचारतात. तरी माझं मत विचाराल तर ओझू बाजू घेत नाही, आणि हा त्याचा भिडस्तपणा नव्हे. सिनेमा सुरू होताना पडद्यावर र्‍यूनोसुके अकुतागावा या जपानी लेखकाचं एक वाक्य येतं. त्याचा आशय असा की आयुष्याच्या शोकांतिकेचा पहिला अंक आई-बाप आणि मूल होण्यापासून सुरू होतो. हे वाक्य वाचून पुष्कळजण सगळा सिनेमा नात्याच्या अटळ दुःखाचा मानतात. मला ते अर्धंच पटतं. वाक्य नात्याकडे बोट दाखवतं, पण त्यापुढची ऐंशी-पंचाऐंशी मिनिटं काळाकडे आणि बाजाराकडे बघतात.

ते कसं ते सांगतो, कारण 'काहीच घडत नाही'चं खरं उत्तर इथे आहे. जपानमध्ये १९०७ पासून सहा वर्षांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं. त्यापुढची माध्यमिक शाळा म्हणजे फी, वह्या-पुस्तकं, घरातले कमावते हात कमी होणं. गावातल्या थोड्याच मुलांना ती परवडायची. म्हणूनच ओकुबो मास्तर इतक्या कौतुकाने घरी येतात. १९२० च्या दशकात 'शिकलास तर वर जाशील' हे वाक्य सगळीकडे खरं वाटत होतं, आणि शिनशूसारख्या भागात त्याला रेशमाच्या पैशाचा आधार होता. सुवा तलावाच्या काठी ओकायासारखी गावं गिरण्यांवरच उभी होती. तिथला कच्चा रेशमी धागा मुख्यतः अमेरिकेला जायचा, तिथे त्याचे स्टॉकिंग्ज व्हायचे. दूरदूरच्या डोंगरी गावांतल्या मुली, घरच्यांनी आधीच उचल घेतलेली असताना, या गिरण्यांत राबायच्या. १९२९ ला अमेरिकेचा बाजार कोसळला तसा रेशमाचा भावही कोसळला. तुतीचं शेत ज्यांच्याकडे होतं त्यांच्या शेताला काय किंमत राहिली असेल याचा विचार करा. ओत्सुनेने शेत कुठल्या साली विकलं ते सिनेमा सांगत नाही, पण ज्या वर्षांत तिला मुलाच्या शिक्षणासाठी पैसा सोडावा लागला, ती हीच वर्षं.

आणि मुलगा शिकून बाहेर पडला तोही याच वर्षांत. पदवीधरांना नोकऱ्या नाहीत ही तेव्हाची टोकियोची ओरड होती. ओझूनेच १९२९ ला 'पदवी तर घेतली, पण...' अशा अर्थाच्या नावाचा सिनेमा काढला होता, आणि ते नाव लोकांच्या तोंडी म्हणीसारखं बसलं. म्हणजे र्‍योसुके आळशी किंवा कमी हुशार असण्याची गरजच नाही. जो जिना चढायला त्याला सांगितलं, तो चढून गेल्यावर वर मजलाच नव्हता. याचा पुरावा ओझू भाषणातून देत नाही, ओकुबो मास्तरांना पुन्हा पडद्यावर आणून देतो. ज्यांनी शिकण्याचं वेड लावलं, जे स्वतः मोठ्या उमेदीने टोकियोला गेले, ते आता पोरं सांभाळत तोंकात्सुचं, म्हणजे तळलेल्या डुकराच्या कटलेटचं, छोटं दुकान चालवतात. बाहेर त्याची पताका फडफडते. मास्तर झालेल्या चिशू र्‍यू या नटाने हा प्रसंग इतका हसतमुख केलाय की कीव करायलाही जागा राहत नाही. र्‍यू तेव्हा बत्तीस वर्षांच्या आसपासचा होता. या प्रसंगावर मी वर्गात नेहमी थांबतो. आईने इथे तरी समजून घ्यायला हवं होतं, असं कुणीतरी म्हणतंच. ती समजते. पण मास्तरांचं समजून घेणं आणि स्वतःच्या मुलाचं समजून घेणं यात अंतर असतं.

र्‍योसुकेचं घर कुठे आहे तेही नीट बघा. शहराच्या पूर्वेकडचा सखल, उघडा भाग, समोर कचरा जाळणाऱ्या भट्टीची धुराडी. आईला टोकियो दाखवायचं म्हणून तो हिंडवतो, पण सिनेमातला सगळ्यांत महत्त्वाचा संवाद या धुराड्यांच्या समोर, ओसाड गवतात बसून होतो. वर चंडोल ओरडतोय. मुलगा विचारतो, तुला वाटलं होतं मी कोण होईन? तो म्हणतो, टोकियोला यायलाच नको होतं, तुझ्याजवळ राहिलो असतो तर बरं झालं असतं. आई त्याला धीर देते, तू अजून तरुण आहेस. बघा, दोघेही धुराड्यांकडे तोंड करून बसलेत, एकमेकांकडे नाही. ओझूचा जन्म १९०३ चा, फुकागावाचा, म्हणजे याच पूर्व टोकियोतला. हा परिसर त्याच्या पायाखालचा होता. आणखी एक गोष्ट: सिनेमात येण्याआधी १९२२-२३ मध्ये त्याने मिए प्रांतातल्या एका डोंगरी गावात शाळामास्तराची नोकरी केली होती. ओकुबो मास्तरांबद्दलचा जिव्हाळा कुठून आला ते यावरून ओळखता येईल. स्वतः त्याने लग्न केलं नाही आणि वडील १९३४ ला गेल्यानंतर तो आईबरोबर राहिला. मात्र चरित्रातून सिनेमा सोडवायचा मला फारसा मोह होत नाही, म्हणून एवढ्यावर थांबतो.

रिकाम्या शॉटबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण 'काहीच घडत नाही'चा मोठा वाटा त्यांचाच असणार. एक निवडतो. रात्री आईला झोप लागत नाही. मुलाचं बोलणं ऐकून ती अखेर रागावते. घर गेलं, शेत गेलं याचं तिला काही नाही, पण तू हरल्यासारखा बोलतोस ते मला सोसत नाही, असं तिचं म्हणणं. पलीकडे सून सुगिको ऐकते आणि रडते. यानंतर कॅमेरा खोलीच्या एका कोपऱ्यावर जातो आणि तिथेच थांबतो. माणूस नाही, संवाद नाही, आणि हा शॉट आपल्या अपेक्षेपेक्षा खूप लांबतो. इथे पुष्कळजण घड्याळ बघतात. मी त्यांना एवढंच विचारतो की या क्षणी तुम्ही या तिघांपैकी कुणाचा चेहरा बघायला तयार होतात? आईचा बघितला तर मुलगा दोषी, सुनेचा बघितला तर सासू कठोर, मुलाचा बघितला तर तो बिचारा. ओझू तिन्ही चेहरे नाकारतो. बाजू न घेणं म्हणजे काय ते त्याने इथे करून दाखवलंय, आणि त्यासाठी प्रेक्षकाचा थोडा कंटाळा त्याने पत्करलाय. माझ्या मते सौदा फायद्याचा आहे.

मग घोड्याचा प्रसंग. शेजारची ओताका हीसुद्धा विधवा, मुलाला एकटीने वाढवणारी. तिच्या मुलाला घोडा लाथ मारतो आणि त्याला इस्पितळात न्यावं लागतं. र्‍योसुके किमोनो विकून आलेले, आईला फिरवायचे पैसे तिच्या हातात ठेवतो. आई हे बघते आणि म्हणते की तू श्रीमंत झाला असतास तर कदाचित हे केलं नसतंस, मला तुझा अभिमान वाटतो. अनेक रसिक इथे सुटकेचा श्वास सोडतात: चला, सार्थक झालं, शिक्षणाने पद दिलं नाही पण माणुसकी दिली. मला हे वाचन अपुरं वाटतं. आईचे शब्द खरे आहेत, तिला तो अभिमान खरंच वाटतो. पण पैशांची वाट धरून चाललात तर दिसतं की गरीब सुनेचा किमोनो गरीब शेजारणीच्या मुलाच्या औषधावर गेला. गरिबांतच फिरलेला पैसा. आणि ओताका कोण आहे? मुलाच्या जिवावर जगणारी विधवा, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीची ओत्सुनेच. र्‍योसुके आपल्या आईची परतफेड करू शकत नाही, तर तिच्यासारख्याच दुसऱ्या एका बाईला ते पैसे देतो. हे माझं वाचन झालं, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. पण गटात हा मुद्दा काढून बघा, चर्चा भावनेच्या उमाळ्यातून जरा बाहेर येते.

आई गेल्यावर र्‍योसुके तिची चिठ्ठी आणि पैसे बघतो आणि बायकोला सांगतो, मी पुन्हा अभ्यास करणार, माध्यमिक शिक्षकाची परीक्षा देणार, आईला पुन्हा टोकियोला बोलावणार. हा आशेचा शेवट आहे का? इथे मी स्वतःला आवरतो. तो देईलही परीक्षा. १९३६ च्या टोकियोत पुढे काय येणार होतं, म्हणजे युद्ध, हे आपल्याला ठाऊक आहे, र्‍योसुकेला नाही, आणि त्या वर्षी सिनेमा करणाऱ्या ओझूलाही नव्हतं. आपलं पुढचं ज्ञान त्या निश्चयावर लादून त्याला पोकळ ठरवणं मला बरोबर वाटत नाही.

आणि आता शेवट, जिथून तुम्ही सुरुवात केलीत. ओत्सुने परत गिरणीत. फरशी घासताना मैत्रीण टोकियोची हालहवाल विचारते. ती सांगते, फार छान होतं, मुलगा मोठा झाला, सून चांगली मिळाली. यात किती खोटं आहे ते मोजून बघा. सून चांगली हे शंभर टक्के खरं. टोकियो छान होतं, हे बऱ्यापैकी खरं. मुलगा मोठा झाला, हे घोड्याच्या प्रसंगानंतर तिच्या लेखी एका अर्थाने खरं. मैत्रीण ज्या अर्थाने ऐकते त्या अर्थाने खोटं. म्हणजे ती थेट थाप मारत नाही, मैत्रिणीला हवा तो अर्थ घेऊ देते. आणि मैत्रीण म्हणजे तरी कोण? त्याच गिरणीत राबणारी, आपल्याही पोराबाळांवर आशा लावून बसलेली बाई. तिला खरं सांगणं म्हणजे तिच्याही आशेवर पाणी ओतणं. मला वाटतं ओत्सुने स्वतःची लाज राखते त्याच श्वासात मैत्रिणीलाही राखते. त्यानंतर ती बाहेर येऊन बसते, आणि तिथे कुणी बघणारं नाही म्हणून चेहऱ्यावरचं सगळं उतरतं. आई झालेल्या चोको ईदाचं काम इथे बघाच. तिचा जन्म १८९७ चा, म्हणजे ही म्हातारी करताना ती चाळिशीलाही पोचली नव्हती, आणि तिचा मुलगा झालेला शिनिची हिमोरी तिच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान. रंगभूषेने म्हातारपण आणता येतं, पण ती बसते कशी, खांदे सोडते कसे, ते रंगभूषेत येत नाही.

इथवरचं थोडक्यात: मुलाची थाप, आईची विक्री, सगळ्यांची लपवाछपवी, आणि शेवटी आईचं अर्धं खरं. दोषी शोधायचाच असेल तर तो पडद्याबाहेर, रेशमाच्या भावात आणि पदवीच्या बाजारात शोधावा लागेल.

आता तिसरा प्रश्न. दाखवा, पण दोन-तीन गोष्टी तुमच्या गटावर अवलंबून आहेत. प्रत जुनी आहे, चित्र ओरखड्यांचं आणि आवाज फिसफिसणारा. २०१० मध्ये क्रायटेरियन या जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने याची आणि ओझूच्याच १९४२ च्या 'वडील होते' या सिनेमाची जोडी डिस्कवर काढली, ती मिळाली तर घ्या. इंटरनेटवरच्या कुठल्याही प्रतीपेक्षा ती बघायला सुसह्य आहे. उपशीर्षकं इंग्रजी असतील. ज्येष्ठ मंडळींना ती वेगाने वाचणं जड जातं, म्हणून सुरू होण्याआधी पहिल्या वीस मिनिटांची गोष्ट मराठीत सांगून टाका, थोबाडीसकट. रहस्यभंग होईल ही भीती बाळगू नका, या सिनेमात रहस्य नाही. पात्रांची नावं फळ्यावर लिहून ठेवा: आई ओत्सुने, मुलगा र्‍योसुके, सून सुगिको, शेजारीण ओताका, मास्तर ओकुबो. जपानी नावांच्या गोंधळात पहिली पंधरा मिनिटं वाया जातात, ती वाचतील. १९२३ वरून गोष्ट १९३५ आणि मग १९३६ ला उडी मारते, तेही आधी सांगा, नाहीतर मोठा झालेला मुलगा वेगळाच कुणीतरी वाटतो.

गटात परदेशी स्थायिक मुलांचे आई-बाप असतील तर आणखी एक सावधगिरी. टोकियोला भेटायला गेलेली आई आणि न्यू जर्सीला भेटायला गेलेली आई यांच्यातलं साम्य त्यांना स्वतःहून दिसेल, तुम्ही ते दाखवायला जाऊ नका. सूत्रसंचालकाने ते बोलून दाखवलं की लोक एकतर मुलांची बाजू मांडत बसतात किंवा गप्प होतात. त्यापेक्षा पैशाचा प्रश्न टाका: या सिनेमात शेवटचे पैसे कुणी कुणाला दिले? उत्तर येईल, आईने, नातवाला. मग बाकीचं आपोआप निघतं.

आणि हा सिनेमा गटाला आवडला तर लगेच पुढच्या वेळी ओझूचाच 'टोकियो स्टोरी' लावण्याचा मोह टाळा, जरी सगळे तेच सुचवतील. १९५३ च्या त्या सिनेमातही गावाकडचे आई-वडील शहरात मुलांना भेटायला येतात, पण तिथली माणसं डॉक्टर, ब्यूटी पार्लरवाली, ऑफिसातली नोकरदार आहेत, आणि गिरणीचा वास ताजा असताना ते कुटुंब एकदम सुखवस्तू वाटतं. मधे 'वडील होते' लावा. त्यात चिशू र्‍यूच पुन्हा शिक्षक आहे, पण या वेळी मुलाला शिकवण्यासाठी त्याच्यापासून दूर राहणारा बाप म्हणून. ओकुबो मास्तरांना कटलेट तळताना पाहिलेल्या गटाला तो माणूस लगेच ओळखीचा वाटेल.